कोजागिरीला गच्चीवर बसायचंय? डासांचा बंदोबस्त ललिता पंचमीपासून सुरू करा

कोजागिरीच्या रात्री गच्चीवर दूध आटायला ठेवलं की सगळ्यांना डास आठवतात, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. मग कोणीतरी खाली पळत जाऊन कॉइल आणतं, कोणी ओडोमॉसची एकच ट्यूब चाळीस माणसांत फिरवतं, आणि साडेदहालाच, चंद्र डोक्यावर यायच्या आधी, मुलांना घेऊन निम्म्या घरांतली माणसं खाली गेलेली असतात. आमच्या सोसायटीत गच्चीवरच्या तयारीचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. पहिल्यांदाच ही जबाबदारी अंगावर घेणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधी नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आपल्या हवेत साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणजे कोजागिरीच्या रात्री जो डास चावणार आहे, तो बहुतेक वेळा नवरात्रात तुमच्याच इमारतीतल्या कुठल्यातरी साचलेल्या पाण्यात अळी म्हणून वळवळत असतो. त्याला तिथेच संपवणं सोपं आहे. उडायला लागल्यावर फक्त लांब ठेवता येतं.

आणि हा नुसत्या खाजेचा प्रश्न नाही. कोजागिरी येते पाऊस ओसरताना, आणि डेंग्यू-चिकुनगुनियाचे रुग्ण महाराष्ट्रात याच दिवसांत जास्त असतात.

गच्चीवर आपली गाठ मुख्यतः दोन डासांशी असते. पहिला एडिस. काळा, अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे. डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका पसरवणारा हाच. तो स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, त्यातही सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधीच्या दोनेक तासांत जास्त. म्हणजे कार्यक्रमाला येणाऱ्यांपेक्षा चार वाजल्यापासून गच्चीवर सतरंज्या, वायरी, खुर्च्या लावणाऱ्यांना तो जास्त चावतो. दुसरा क्युलेक्स, तपकिरी रंगाचा, गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये वाढणारा. हा रात्रीचा डास. कानाशी गुणगुणतो तो बहुतेक हाच, आणि याच्यामुळे हत्तीरोग पसरतो. दोघांच्या पाळ्या वेगळ्या, जागा वेगळ्या, म्हणून उपायही दोन प्रकारचे करावे लागतात.

"आमची गच्ची अकराव्या मजल्यावर आहे, तिथे कुठले डास" यावर विसंबू नका. डास जिन्यातून आणि लिफ्टमधून माणसांबरोबर वर येतात. शिवाय गच्चीवरच पाणी साचलं असेल तर त्यांना कुठून यायची गरजच नसते.

१. ललिता पंचमी: गच्ची पालथी घाला

पंचमी ते पौर्णिमा म्हणजे दहा दिवस. तारखा लक्षात ठेवण्यापेक्षा तिथी सोपी, म्हणून मी याच दिवशी पहिली फेरी ठेवते. सकाळच्या उजेडात जा. हातात टॉर्च घ्या, कारण टाकीच्या आत आणि कोपऱ्यात उजेड मारल्याशिवाय अळ्या दिसत नाहीत. बरोबर दोन माणसं घ्या, त्यातला एक सोसायटीचा वॉचमन किंवा पंप बघणारा असला तर उत्तम. कुठली टाकी कुठे भरते आणि कुठून गळते ते त्याला माहीत असतं.

काय बघायचं? सगळ्यात आधी ताडपत्र्या. गणपतीच्या मांडवाची ताडपत्री उतरवून गच्चीवर घडी करून ठेवलेली असते, आणि त्या घड्यांमध्ये पावसाचं पाणी आठवडेच्या आठवडे राहतं. विसर्जनासाठी आणलेले पिंप आणि टबही असेच कोपऱ्यात उभे असतात. ताडपत्री उलगडा, झटका, उन्हात पसरा, मगच पुन्हा घडी करा. पिंप पालथे घाला. नवरात्राचा मांडव असेल तर त्याच्या छतावर झोळ पडून पाणी साचलंय का तेही बघा.

मग पाण्याच्या टाक्या. झाकण नीट बसतं का, त्याला तडा आहे का, आणि ओव्हरफ्लोच्या पाइपच्या तोंडाला जाळी आहे का. ही जाळी बहुतेक इमारतींत नसते. मलेरिया पसरवणारा शहरी अ‍ॅनोफिलिस डास अशाच टाक्यांत आणि विहिरींत अंडी घालतो. नायलॉनच्या जाळीचा तुकडा आणि तारेची एक गाठ एवढंच काम आहे.

मग बाकीच्या जागा: कुंड्यांखालच्या ताटल्या, एसीच्या बाहेरच्या युनिटखाली ठेवलेली बादली, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं, तुळस लावलेला थर्माकोलचा खोका, जुने टायर, करवंट्या, फुटकी कौलं, रंगाचे डबे, पावसाळी पाइपच्या तोंडाशी अडकलेला पाला. गच्चीचा उतार चुकला असेल तर ज्या कोपऱ्यात पाणी तुंबतं तो कोपरा.

इथे एक चूक जवळजवळ सगळेच करतात. पाणी ओतून दिलं की काम झालं असं वाटतं. एडिसची अंडी पाण्यात तरंगत नाहीत, ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. परतीच्या पावसाची एक सर आली, भांडं पुन्हा भरलं, की अंडी फुटतात. म्हणून ओतल्यानंतर घासणीने किंवा काथ्याने आतली कड घासायचीच. पक्ष्यांचं भांडं काढून टाकू नका. रोज पाणी बदला, घासा, आणि पक्ष्यांना पिऊ द्या.

जे पाणी ओतून देता येत नाही, उदाहरणार्थ आवारातलं कारंजं, जुनी विहीर किंवा शोभेचा हौद, तिथे अळ्या खाणारे गप्पी मासे सोडतात. अनेक ठिकाणी महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या हिवताप विभागाकडे ते मिळतात. नदी, ओढा, तळं अशा ठिकाणी मात्र ते सोडू नका. तिथल्या मूळ माशांना त्यांचा त्रास होतो.

गच्ची झाली की खाली या. क्युलेक्सचं घर इथे आहे. सेप्टिक टँकचं झाकण फुटलंय का, आणि त्याच्या उंच व्हेंट पाइपच्या तोंडाला जाळी बांधलीय का ते बघा. रोज रात्री इमारतभर डास असतील आणि कारण सापडत नसेल, तर मी सगळ्यात आधी हा पाइप बघते. पावसाळी गटारात पाणी उभं असेल तर ते वाहतं करा. वापरलेलं इंजिन ऑइल गटारात ओतायचा सल्ला देणारे भेटतील, ते करू नका. ते पुढे नाल्यात आणि नदीत जातं.

घराघरांत काय सांगायचं? फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, देव्हाऱ्यापाशी पाणी भरून ठेवलेला आणि विसरलेला तांब्या, बंद घरांच्या बाल्कन्या. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लांबलचक निवेदन टाकलं तर कोणी वाचत नाही. एक फोटो आणि एक ओळ टाका: "फ्रिजच्या मागचा ट्रे आज रिकामा करा." दुसऱ्या दिवशी दुसरा फोटो.

२. दसरा: दुसरी फेरी आणि महापालिकेला अर्ज

दसऱ्याला पुन्हा तीच चक्कर मारा. पहिल्या फेरीत जे निसटलं ते इथे सापडतं, आणि मधल्या पावसाने पुन्हा साचलेलं पाणीही. नव्याने घातलेल्या अंड्याचा पाच दिवसांत डास होत नाही, म्हणून हे अंतर योग्य आहे. शेवटची झटपट फेरी कोजागिरीच्या आदल्या दिवशी.

धूरफवारणी हवी असेल तर अर्ज दसऱ्याच्या आधीच द्या. क्षेत्रीय कार्यालयात किंवा वॉर्ड ऑफिसात सोसायटीच्या लेटरहेडवर सचिवांच्या सहीने अर्ज, त्यात पूर्ण पत्ता, संपर्काचा फोन आणि इमारतीत डेंग्यूचा रुग्ण असेल तर तसा उल्लेख. या कामाच्या खात्याचं नाव प्रत्येक शहरात वेगळं आहे, कुठे हिवताप विभाग, कुठे कीटकनाशक विभाग. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. कर्मचारी आले की त्यांच्याबरोबर फिरा आणि गच्चीची किल्ली हाताशी ठेवा. किल्ली सापडली नाही म्हणून ते परत गेले, असं अनेक सोसायट्यांत होतं.

फवारणीकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवा. तो धूर त्या वेळी उडत असलेल्या डासांना मारतो. पाण्यातल्या अळ्यांना त्याने काहीही होत नाही, आणि काही तासांनी त्याचा असर संपतो. मी ती आदल्या संध्याकाळी करून घेते. कार्यक्रमाच्या दिवशी नको, कारण तिथे दूध उकळणार आहे आणि दम्याची माणसं बसणार आहेत.

सामानाची यादी

- तीन किंवा चार स्टँड फॅन (घराघरांतून गोळा होतात, भाड्याने आणायची गरज नसते)
- तीन पिनांचे चांगले एक्स्टेंशन बोर्ड, त्यांखाली ठेवायला विटा
- डास दूर ठेवणाऱ्या क्रीमच्या चार-पाच ट्यूबा
- पिवळसर प्रकाशाचे एलईडी दिवे
- मलमलचं मोठं फडकं किंवा पातेल्यावर बसणारी स्टीलची चाळण
- बाळांसाठी छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी
- नायलॉनची जाळी, तार, घासण्या, टॉर्च
- कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या
- गच्चीची किल्ली, महापालिकेच्या अर्जाची पोच

३. बसायची जागा: पंख्यांवर भर द्या

एकच उपाय करायची सोय असेल तर मी पंखा निवडीन. डास फार कमकुवत उडतो. साध्या टेबल फॅनचा वाराही त्याला कापता येत नाही. शिवाय आपण सोडलेला श्वास आणि अंगाचा वास यांच्या मागावर तो येतो, आणि पंख्याने तो वास विस्कटून जातो, त्यामुळे त्याला माणूस सापडणंच अवघड होतं.

आता गच्चीची एक खासियत लक्षात घ्या. उभं राहिलं की छान वारा लागतो, म्हणून लोक म्हणतात की पंखे कशाला. पण कार्यक्रमात माणसं सतरंजीवर बसतात, आणि तीन-साडेतीन फुटी कठड्याच्या आड तिथली हवा बऱ्याचदा अगदी स्थिर असते. डास नेमके तिथेच, पावलांना आणि घोट्यांना चावतात. म्हणून जागा निवडताना स्वतः खाली बसून बघा.

पंखे कमीत कमी उंचीवर आणा आणि मान थोडी खाली झुकवा, वारा बसलेल्यांच्या पायांवरून गेला पाहिजे. नैसर्गिक वारा ज्या बाजूने येतो त्याच बाजूला पंखे लावा, समोरून लावले तर दोन वारे एकमेकांना अडवतात. एक पंखा साधारण आठ-दहा फुटांपर्यंत कामाचा, त्यामुळे माणसं फार पांगू देऊ नका. फिरती मान बंद ठेवा. पंखा दुसरीकडे वळला की तेवढ्यात डास बसतो. खुर्च्यांच्या ओळीत खुर्चीखालच्या सावलीत डास दबा धरून असतात, तिकडेही एक पंखा वळवा.

शेगडी मात्र पंख्याच्या वाटेत अजिबात नको. वाऱ्याने ज्योत विझली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही तर गॅस सुटत राहतो. जिन्याच्या खोलीच्या आडोशाला, पंख्यांचा वारा पोहोचणार नाही अशा बाजूला शेगडी ठेवा आणि तिथे एक मोठं माणूस कायम बसवा. डासांचा स्प्रे शेगडीच्या आसपास कधीही मारू नका, तो पेट घेतो. इलेक्ट्रिक रॅकेटची ठिणगीही गॅसजवळ नको.

वायरी आणि बोर्ड जमिनीवर ठेवू नका. ऑक्टोबरच्या रात्री दंव पडतं आणि दूधही सांडतं. बोर्ड विटांवर, कठड्याच्या कडेने, आणि वीज शक्यतो अर्थ-लीकेज ब्रेकर (विजेची गळती झाली की पुरवठा आपोआप तोडणारं बटण) असलेल्या जोडणीवरूनच घ्या.

४. कपडे आणि क्रीम

कोजागिरीला पांढरे कपडे घालायची पद्धत अनेक घरांत आहे, ती इथे उपयोगाची आहे. गडद रंगाकडे डास जास्त ओढले जातात. सैल, पूर्ण बाह्यांचे, पाय झाकणारे कपडे घाला. अंगाला चिकटलेल्या लेगिंग्जमधून डास सहज चावतो, सैल सलवारीतून किंवा पायजम्यातून नाही. निमंत्रणाच्या निरोपातच "पांढरे, सैल, पूर्ण बाह्यांचे" असं लिहून टाका.

क्रीम घेताना पाठीमागचा मजकूर वाचा. डीट, पिकारिडिन किंवा डायइथाइल बेन्झामाइड यांपैकी काहीतरी असलं पाहिजे. ओडोमॉसमध्ये यातला शेवटचा घटक १२ टक्के असतो. "संपूर्ण नैसर्गिक" एवढंच लिहिलेल्या बाटल्यांमधली सिट्रोनेलासारखी तेलं चटकन उडून जातात आणि थोड्या वेळात पुन्हा लावावी लागतात.

लावण्याची पद्धत महत्त्वाची. डास उघडी राहिलेली जागा शोधून काढतो, त्यामुळे हातावर ठिपका देऊन भागत नाही. घोटे, पावलं, पोटऱ्या, कोपर, मान, कानांच्या मागे, सगळीकडे पातळ थर हवा. डोळे, ओठ, जखम टाळा. लहान मुलांच्या तळहातांना लावू नका, ती हात तोंडात घालतात. मोठ्यांनी स्वतःच्या हातावर घेऊन मुलांना लावावं. दोन महिन्यांखालच्या बाळाला डीट लावायचं नाही, त्याच्यासाठी मच्छरदाणीच. लेमन युकॅलिप्टस तेलाची क्रीम तीन वर्षांखालच्या मुलांना नको. गरोदर बायकांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवावं.

मांडामांड करणाऱ्यांनी चार वाजताच लावा, आणि कार्यक्रम सुरू होताना पुन्हा. जे सुकामेवा चिरणार, केशर घोटणार, दूध वाढणार, त्यांनी क्रीम लावून झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

५. धूर, कॉइल आणि बाकीचे उपाय

कडुलिंबाच्या पाल्याचा, उदाचा, गोवरीचा धूर आपण पिढ्यान्पिढ्या करत आलो आणि बंद घरात त्याने डास काही वेळ हटतात. उघड्या गच्चीवर तो धूर वाऱ्याबरोबर निघून जातो आणि जिथे थांबतो तिथे माणसंच खोकतात. दम्याची माणसं आणि लहान मुलं असताना मी तो करत नाही. करायचाच असेल तर लोक यायच्या तासभर आधी.

कॉइलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: शेवटचा पर्याय. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. मोजणी बंद जागेसाठी जास्त लागू असली तरी सतरंजीच्या कडेला, मुलांच्या तोंडाच्या उंचीवर कॉइल ठेवणं मला पटत नाही. लावलीच तर वारा येतो त्या बाजूला, माणसांपासून काही फूट दूर, स्टीलच्या ताटलीत, कापडी मांडवापासून लांब. बाजारात नाव नसलेल्या "मच्छर अगरबत्त्या" मिळतात, त्या घेऊच नका. डास मारणाऱ्या घरगुती उत्पादनाला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. पाकिटावर नोंदणी क्रमांक नसेल तर आत काय जळतंय हे कळायला मार्ग नाही.

प्लगमध्ये लावायचं लिक्विड बंद खोलीसाठी आहे, गच्चीवर वाया जातं. आवाजाने डास पळवणारी यंत्रं आणि मोबाइलची अ‍ॅप चालत नाहीत, पैसे घालवू नका. निळ्या दिव्याच्या सापळ्यात मरतात ते बहुतेक दुसरेच किडे. गवती चहा किंवा झेंडूची कुंडी नुसती शेजारी ठेवून डास जात नाहीत. तिच्या ताटलीत पाणी साचलं तर उलट वाढतात.

६. दिवे आणि दूध

उजेडावर डासांपेक्षा इतर किडे जास्त येतात, पण दुधात पडतात तेही नकोच असतात. प्रखर पांढरा दिवा बसायच्या जागेवर किंवा पातेल्यावर लावू नका. पिवळसर दिवे कडेने लावा, त्यांच्यावर किडे कमी येतात. चंद्र वर आला की दिवे बंदच करतो आपण, तेव्हा जिन्याच्या दाराशी एक मंद दिवा राहू द्या, म्हणजे कोणी अडखळणार नाही.

चांदण्यात ठेवलेल्या पातेल्यावर मलमलचं फडकं ताणून बांधा. चंद्राचं प्रतिबिंब दाखवायला, नैवेद्याला फडकं काढा आणि परत घाला. हे काम एका मोठ्या मुलीला किंवा मुलाला नेमून द्या, तो आनंदाने करतो.

७. इमारतीत कोणाला ताप असेल तर

ताप असलेल्या माणसाला गच्चीवर आणू नका, आग्रह तर बिलकूल नको. डेंग्यूच्या रुग्णाला तापाच्या पहिल्या दिवसांत चावलेला एडिस पुढे इतरांना आजार देऊ शकतो. रुग्णाने घरात, दिवसाही मच्छरदाणीत राहावं. त्याच्यासाठी दूध वाटीत झाकून खाली पाठवा.

८. कार्यक्रम संपल्यावर

कागदी पेले, द्रोण, पाण्याच्या बाटल्यांची टोपणं त्याच रात्री पिशव्यांत भरून खाली न्या. "सकाळी बघू" म्हटलेला पेला परतीच्या पावसात भरतो. मांडवाची ताडपत्री कोरडी करूनच घडी घाला. पुढे नोव्हेंबरभर आठवड्यातून एक कोरडा दिवस ठेवा. त्या दिवशी प्रत्येक घराने साठवणीची भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करायची.

नंतरच्या दोन आठवड्यांत कोणाला एकदम जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, सांधेदुखी किंवा अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरांकडे जा. डास चावल्यापासून डेंग्यूची लक्षणं दिसायला साधारण चार ते दहा दिवस लागतात. तापासाठी पॅरासिटामॉलच घ्या. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. एनएस-१ ही डेंग्यूची रक्ततपासणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते. ताप उतरताना पोटात जोराचं दुखलं, सतत उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. आणि डेंग्यू निघाला तर सचिवांना त्याच दिवशी कळवा, म्हणजे आजूबाजूच्या घरांतलं पाणी लगेच तपासता येईल.